तुसाची शेगडी आणि अर्जावरचं नाव

तुसाची शेगडी मी शोधून काढलेली नाही. हे वाक्य आधीच लिहून टाकतो, कारण ते पुढं ढकललं की राहूनच जातं, असा माझा अनुभव आहे.

गेल्या महिन्यात वडगावच्या एका शाळेत माझा सत्कार झाला. हेडमास्तरांनी भाषणात सांगितलं की या गृहस्थांनी भाताच्या तुसावर चालणारी शेगडी शोधली, इंग्रज सरकारकडून तिचं पेटंट मिळवलं आणि एक पै न घेता ते सर्व कारागिरांना वापरू दिलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्या तीन गोष्टींतली फक्त मधली माझी होती. शोध दुसऱ्याचा होता, आणि सगळ्यांना वापरू द्यायच्या कल्पनेला तर मी कडाडून विरोध केला होता. पण मी हात जोडून बसून राहिलो. घरी आल्यावर चहासुद्धा गोड लागेना. म्हणून हे लिहितो आहे.

शेगडी करणारा माझा चुलतभाऊ. सगळा लोणावळ्याचा बाजार त्याला दादा म्हणे, तेव्हा इथंही दादाच म्हणतो. आम्ही दोघं टाकवे बुद्रुकचे. घरची भातखाचरं होती, पण खाणारी तोंडं जास्त. दादा लोणावळ्याच्या इंजिनांच्या शेडमध्ये फिटरच्या हाताखाली लागला, तिथल्या मुकादमाशी भांडला आणि बाजारात पत्र्याच्या कामाचं दुकान टाकून बसला. मी तळेगावला मॅट्रिक होऊन लोणावळा स्टेशनच्या माल कचेरीत कारकून झालो आणि दादाच्याच दुकानामागच्या खोल्यांत राहू लागलो. जेवायला वहिनी घालत होती, त्यामुळं लग्नाची घाई मला नव्हती.

दादा म्हणजे विनयशील वगैरे कारागीर नव्हता. बादली झाली की रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून तो ती दाखवत असे.

"ओ पाव्हणं, हितं या. ही कड बघा. असली कड म्हमईला तरी बघितली का कुटं?"

"आमाला बादली न्हाई घ्यायची."

"घिऊ नका की. बघायला पैसं पडत्यात व्हय?"

स्वतःची स्तुती ऐकायला तो जेवण सोडून उठे. हे मी मुद्दाम लिहितो आहे. पुढं त्यानं काय केलं ते कळायचं तर त्याचा हा स्वभाव माहीत असायला हवा.

लोणावळ्याच्या पावसात लाकूड वाळत नाही. चार महिने ओल्या फाट्यांच्या धुरानं वहिनीचे डोळे सुजलेले असत. उलट भातगिरणीच्या मागं तुसाचे ढीग पडलेले, आणि ते कोणी फुकट नेलं तर गिरणीवाला आभार मानी. दादानं रॉकेलचा डबा कापला, मधोमध भोकं पाडलेली पत्र्याची नळी उभी केली, तिच्याभोवती तूस ठासलं आणि खालून पेटवलं. नळी नरसाळ्यासारखी होती, वरचं तोंड रुंद, म्हणजे आच भांड्याला जास्त लागेल. हिशेब बरोबर होता, पण शेगडी थोडा वेळ पेटायची आणि विझायची. नळीलगतचं तूस जळालं की तिथं पोकळी राही आणि बाकीचं तूस जागचं हलत नसे. मग वहिनीनं काडीनं ढोसायचं आणि दादानं बाहेरून ओरडायचं की ढोसू नको.

एके दिवशी आम्ही जेवायला आत गेलो तर शेगडी शांतपणे पेटलेली आणि वहिनी मजेत भाकरी थापत बसलेली.

दादा वाकून बघायला लागला आणि उखडला. "अगं, नळी उलटी ठिवलीस! रुंद तोंड खाली! डोळं फुटलं का काय तुजं?"

"धुरानं फुटलंच हायती," वहिनी म्हणाली. "भात झालाय, कालवण झालंय. जेवा आन मग भांडा."

रुंद तोंड खाली गेल्यामुळं नळीच्या उतारावरून तूस आपोआप खाली सरकत होतं. ढोसायची गरज उरली नव्हती. मला वाटलं, चुकून झालं. पुढं वहिनीनंच मला सांगितलं, "चुकून कसली, भावजी? इचारलं असतं तर ह्यांनी ठिवू दिली असती व्हय?"

संध्याकाळपर्यंत दादा बाजारात सांगत होता की आपल्याला नळी उलटी करायचं सुचलं. वहिनी आत बसून तोंडाला पदर लावून हसत होती.

शेगडी खपू लागली, आणि बघता बघता नक्कलही होऊ लागली. तळेगावात एक जण करायला लागला, वडगावात दोघं, कार्ल्यात रस्त्याकडेला बसून डबे दुरुस्त करणारा एक म्हातारा. मला संताप आला. दादा मात्र खूश. एकसारखी शेगडी पुन्हा पुन्हा करायचा त्याला कंटाळा होता, आणि कार्ल्याचा म्हातारा गिऱ्हाइकाला "ही लोणावळ्याच्या दादाची शेगडी" असं सांगतो हे ऐकून त्याचं पोट भरत होतं.

"दादा, हे तुझ्या तोंडचा घास काढतायत," मी म्हणालो.

"त्येंच्या तोंडात घालाया मी मोकळाच हाय. तुजं काय जातंय, कारकुना?"

पण एक भीती खरी होती. मुंबईच्या कुणा दुकानदारानं एका दिव्याच्या बर्नरचं पेटंट घेऊन, तो बर्नर वर्षानुवर्षं करणाऱ्या कारागिरांनाच कोर्टात खेचलं, असं मी कचेरीत ऐकलं होतं. मी दादाला घेऊन पुण्याच्या एका वकिलांकडं गेलो. म्हातारे, मिस्कील गृहस्थ होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही पेटंट घेतलं नाहीत तर दुसरा घेईल," ते म्हणाले. "मग तुमच्याच शेगडीसाठी तुम्ही चोर ठराल."

"पर मला कुनाला अडवायचंच न्हाई, वकीलसाहेब," दादा म्हणाला.

"मग अडवू नका. पेटंट घ्या आणि सर्वांना परवानगी देऊन टाका."

"आन परवानगी घिऊन एखाद्यानं दुसऱ्यालाच अडवलं तर?"

वकिलांनी त्याच्याकडं जरा निरखून पाहिलं. "तुम्हीच सांगा. तर काय करावं?"

दादानं आमच्याकडची सावड सांगितली. आवणीच्या, म्हणजे भाताची रोपं लावायच्या दिवसांत एकट्या घराला खाचरं लावून होत नाहीत. आज सगळ्यांनी माझ्या खाचरात उतरायचं, उद्या तुझ्या, परवा त्याच्या. कोणी मजुरी देत नाही, घेत नाही. आणि जो आपलं काम उरकून घेतो आणि दुसऱ्याच्या बांधावर यायला नाही म्हणतो, त्याच्या खाचरात पुढच्या वर्षी कोणी पाय ठेवत नाही. भांडण नाही, मारामारी नाही. फक्त जायचं नाही.

"तसंच लिवा," दादा म्हणाला. "शेगडी कुनीबी करावी. ज्यानं शेगडीपायी दुसऱ्यावर दावा लावला, त्यो सावडीतनं भायेर. त्याला मग शेगडी करता येनार न्हाई."

मी मान खाली घातली. मला वाटलं, वकील हसतील. ते हसलेच, पण लिहितही होते. "मी चाळीस वर्षं कलमं लिहितोय," ते म्हणाले, "हे सुचलं नव्हतं. याला इंग्रजीत काय म्हणू?"

"सावडच म्हना. सायबाला समजंल."

असं ते कलम झालं. माझा त्याला विरोध होता आणि परतीच्या गाडीत खंडाळा येईपर्यंत मी दादाशी... पण नाही, पुण्याहून येताना खंडाळा लोणावळ्याच्या पुढं राहतो. म्हातारपणी असं होतं. लोणावळा येईपर्यंत मी भांडत होतो, एवढंच खरं.

अर्ज भरायला मी एकटाच गेलो, कारण दादा आणि वहिनी आवणीसाठी टाकव्याला गेले होते. अर्जात लिहायचं होतं की या वस्तूचा खरा आणि पहिला शोधक कोण. वकिलांनी टाक उचलला आणि विचारलं, "नाव?"

मी माझं नाव सांगितलं. पहिल्या भेटीत आम्ही दोघं 'आमची शेगडी' असंच म्हणत होतो, त्यामुळं त्यांना शंका आली नाही.

पुढं अनेक वर्षं मी स्वतःला कारणं दिली. दादाला इंग्रजी येत नव्हतं, सह्या-खेपा मलाच करायच्या होत्या, घरचंच तर होतं. ती कारणं मी नंतर जुळवली. त्या क्षणी मला एवढंच हवं होतं की कलकत्त्याहून येणाऱ्या शिक्क्याच्या कागदावर माझं नाव असावं. दिवसभर दुसऱ्यांच्या मालाच्या पावत्या लिहिणाऱ्या माणसाला तेवढा मोह पुरतो.

कागद आला. दादानं तो चौकटीत घालून दुकानात गणपतीच्या तसबिरीशेजारी उंच लावला. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो सांगे, "सरकारनं माजं नाव लिवून धाडलंय." मी जवळच उभा असे. तो वाचू शकत नव्हता, आणि मी बोललो नाही.

दोनेक वर्षं छान गेली. मावळातल्या पत्र्याचं काम करणाऱ्या झाडून सगळ्यांनी सावडीच्या कागदावर सही नाहीतर अंगठा दिला. मुंबईच्या एका शेटजींनीही सही केली. त्यांचा चुली-शेगड्यांचा मोठा धंदा होता आणि लोणावळ्यात बंगला होता. शेगडी त्यांना आवडली, त्यांनी मुंबईत ती करायला घेतली आणि आच कमी-जास्त करायला खाली एक सरकती झडप बसवली. झडप उत्तम होती. मावळातल्या कारागिरांनी ती पाहिली आणि आपापल्या शेगडीला लावली. सावडच ती, त्यात विचारायचं काय, असं त्यांना वाटलं.

शेटजींनी मात्र झडपेचं पेटंट घेतलं होतं. एका सकाळी दुकानासमोर कारागिरांची रांग लागली. प्रत्येकाच्या हातात वकिलाची नोटीस. कार्ल्याच्या म्हाताऱ्याची नोटीस तेलकट झाली होती.

"आबा, ह्यात काय बांधलंतं?" दादानं विचारलं.

"भजी. मला वाटलं जाहिरात हाय."

"आता ह्ये आपल्याला तुरुंगात घालत्यात का?" वडगावचा एक जण म्हणाला.

"शेगड्या करायला घातलं तर जाऊ की," म्हातारा म्हणाला. "पत्रा सरकारचा."

सगळे हसले, पण त्यांचे चेहरे उतरलेलेच होते. झडपेचं निमित्त करून शेटजींना मावळातल्या शेगड्याच बंद पाडायच्या होत्या, हे उघड होतं. मी पुण्याला गेलो. वकिलांनी हात चोळले. शेटजींनी दावा लावला म्हणजे ते सावडीतून बाहेर. झडप त्यांची असेल, पण शेगडी आमची. आता त्यांनीच शेगडी करणं थांबवायला हवं. वकिलांनी तसं उत्तर धाडलं. मी विजयी वीरासारखा परत आलो.

पंधरवड्यात वकिलांचा मला निरोप आला. शेटजींचे वकीलही कच्चे नव्हते. त्यांनी दुसरी वाट काढली होती: अर्ज करणारा खरा शोधक नसेल तर पेटंटच खोटं, आणि पेटंट खोटं तर सावडीचं कलमही फुकट. शेटजींची माणसं लोणावळ्यात चौकशीला येणार होती.

"खरं सांगा," वकील मला म्हणाले. "शेगडी कोणी केली?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुमच्या दादानं 'मी केली' असं एकदा जरी म्हटलं," ते म्हणाले, "तर सगळे गेले. तुम्ही, तो, ते कार्ल्याचे आबा, सगळे."

आणि दादा ते दिवसातून दहा वेळा म्हणत असे.

त्या दिवशी दुकानात मी दादाला दोन गोष्टी एकदम सांगितल्या. भिंतीवरच्या कागदावर तुझं नाव नाही, माझं आहे. आणि आता तुला म्हणावं लागेल की तेच बरोबर आहे. वहिनी दारात उभी होती. दादानं कात्री खाली ठेवली. चौकटीकडं बघितलं. मला वाटलं, हातोडी येते आता डोक्यात.

"म्हंजी मला काय येत न्हाई, असं म्हनायचं?" तो म्हणाला.

"हो."

"समद्या बाजाराम्होरं?"

"हो, दादा."

"आन न्हाई म्हनलं, तर म्हाताऱ्याची शेगडी बंद."

"सगळ्यांचीच."

तेवढ्यात वहिनी म्हणाली, "आवं, पर तुमाला जमंल का? तुमाला थोडका येळ तरी गप बसल्यालं मी कधी बघितलं न्हाई."

"जमंल की," दादा रागानं म्हणाला. "मला काय जमत न्हाई?"

आणि त्याला ते जमलं. जरा जास्तच जमलं. शेटजींची दोन माणसं बाजाराच्या दिवशी आली. त्यांनी आधी इकडंतिकडं विचारलं असणार, कारण सरळ दादापुढं येऊन एक जण म्हणाला, "काय दादा, शेगडी तुम्हीच शोधलीत म्हणे!"

बाजार कान टवकारून उभा होता. दादाच्या मानेची शीर फुगलेली मला दिसत होती.

"मी?" दादा म्हणाला. "छ्या! मला डबा सरळ कापता येत न्हाई. ही बादली बघा. गळती. कड बघा हिची, वाकडी. ह्यो माजा भाऊ, माल कचेरीत हाय, त्येचं समदं डोस्कं. मी निस्ता पत्रा ठोकतो, त्योबी त्येनं सांगितला तसा."

"पण लोक म्हणतात—"

"लोक थापा मारत्यात. मीच त्येस्नी थापा मारतो, आन ते फुडं मारत्यात. मी लय खोटारडा हाय, साहेब. इचारा कुनालाबी."

"व्हय व्हय," कार्ल्याचा म्हातारा मागून ओरडला. "लय खोटारडा!"

मग सगळा बाजार दादाला खोटारडा म्हणू लागला. लोक हसून हसून वाकले होते, आणि दादा मान डोलावत उभा होता. मी त्या माणसांना नळीचा उतार समजावून सांगितला. आतून वहिनी ऐकत होती आणि मी अडखळलो की मोठ्यानं खाकरत होती.

महिन्याभरानं शेटजी स्वतः दुकानात आले. पुरावा हाती लागला नाही, म्हणून नोटिसा त्यांनी मागं घेतल्या होत्या. झडप सावडीत घातल्याच्या कागदावर त्यांनी आमच्यासमोर सही केली आणि मुंबईत शेगडी करायची परवानगी परत मिळवली. चहा घेऊन उठताना ते दादाला म्हणाले, "तुम्ही खोटं फार छान बोलता हो."

"सवय हाय, शेटजी," दादा म्हणाला. दुसऱ्या कशाची कुणी अशी तारीफ केली असती तर तो फुलला असता.

पुढं दुसऱ्या महायुद्धात रॉकेल मिळेनासं झालं आणि शेगडी घरोघर गेली. ती कोण करत नव्हतं? तोवर पेटंटची मुदतही संपली. मी दादाला म्हणालो, आता बोलायला हरकत नाही. तो खरोखरच बोलायला लागला. पण बाजारात नवी माणसं आली होती आणि जुन्यांनी तो दिवस चांगला लक्षात ठेवला होता.

"शेगडी मी काढली," दादा म्हणे.

"आन आगगाडी कुनी काढली, दादा? तुमीच का?"

"घाटातला बोगदाबी ह्येंनीच पाडला, कानशीनं!"

दादा त्यांच्याबरोबर हसे. मीही बाकावर बसून हसत असे. "नाही रे, तो खरं सांगतोय," एवढंच तेव्हा बोलायचं होतं. तोवर लोक मला नमस्कार करू लागले होते आणि नमस्काराची सवय वाईट असते. दादा गेला त्यालाही आता काही वर्षं झाली.

सत्कारानंतर दोन दिवसांनी मी दुकानात गेलो. आता तिथं दादाचे मुलगे असतात. वहिनी पुष्कळ थकली आहे, पण गल्ल्यापाशी बसते आणि गिऱ्हाइकांवर ओरडते. मी त्यांना सगळं सांगितलं, पहिल्यापासून.

थोरला म्हणाला, "काका, आमाला ठावं हाय की. आईनं कवाच सांगितलंय."

"मग शाळेत पहिल्या रांगेत बसून टाळ्या कशाला वाजवत होतात?"

"तुमी लय खूश दिसत हुता."

वहिनी हसायला लागली, मग मुलगे, मग मीही. हसून झाल्यावर मी म्हणालो की हेडमास्तरांना कळवणार आहे आणि सगळं लिहूनही काढणार आहे. तुमचंही लिहितो, वहिनी.

"माजं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मला काय बाजार खोटारडी म्हनत न्हवता. एवढंच लिवा, भावजी, की त्यो मानूस थापा मारीत न्हवता."

वहिनीचं मी वर लिहिलं आहे. त्यासाठी ती ओरडली तर ओरडू दे. बाकी तिनं सांगितलं तेच लिहितो. बाजारातली माणसं हे वाचतील न वाचतील, पण वडगावच्या त्या मुलांपर्यंत तरी पोचावं: शेगडी दादानं केली, नळी वहिनीनं फिरवली, आणि ती सगळ्यांना द्यायची हे दादानं ठरवलं. म्हातारपणी बाजारात बसून तो जे सांगत होता ते खरं होतं.